तिसाच्या जागी तीन

देवराम,

संस्थेतून निरोप आलाय, तुझ्यावर दोन शब्द लिहून द्या. अंकात छापायचे आहेत. कामसू, हसतमुख, मनमिळाऊ असं काहीतरी त्यांना हवंय. मी म्हटलं, देते. आणि तीन दिवस झाले, कागद पुढं घेऊन बसलेय, एक ओळ होत नाही. हसतमुख कसला रे तू? सकाळी दहाच्या आत कुणी काम सांगितलं की अंगावर यायचास. मनमिळाऊ तर मुळीच नव्हतास. जव्हारच्या ऑफिसात नऊ वर्षं एका खोलीत बसलो आपण. तुझं टेबल खिडकीशी, माझं दाराशी, आणि आठवड्यातले चार दिवस भांडण. तेव्हा ते दोन शब्द राहू देत. मी तुलाच लिहिते. मला जे सांगायचंय ते अंकात छापण्यासारखं नाही.

तुझं दिवसकार्य झालं तेव्हा मी घरी आले होते. सुनंदानं मला आत नेऊन बसवलं. म्हणाली, "ताई, तुमचं नाव घरात रोज निघायचं. भांडणाचंच निघायचं, पण निघायचं." मी हसले. मग ती म्हणाली, "गेल्या पावसापासून ते गप झाले होते. ऑफिसात काय झालं होतं का?" तुझी आई दारात तांदूळ निवडत होती, तिनंही मान वर केली. आणि मी काय बोलावं? मी म्हटलं, "नाही गं, काही नाही. कामाचा ताण, दुसरं काय."

तुझ्या घरात, तुझ्या फोटोसमोर बसून मी खोटं बोलले. जीभ जराही अडखळली नाही माझी.

काय झालं होतं ते मी पहिल्यापासून सांगते. तुला ठाऊक आहे सगळं, माहिती आहे मला. पण मी ते तोंडानं कधीच सांगितलं नाही, म्हणून सांगते.

आपली चार केंद्रं मोखाड्याच्या अंगाला. कमी वजनाची पोरं तिथं येतात, राहतात, वजन भरलं की घरी जातात. प्रत्येक केंद्रात एक छोटा सर्व्हर, त्यात पोरांची वजनं, औषधं, कुणाला काय सोसत नाही ते सगळं. तो तू कसा समजावून सांगायचास ते मला पाठ आहे. "सिस्टर, तुम्ही नाव आणि पासवर्ड टाकला का हा डबा जव्हारच्या मोठ्या मशीनला विचारतो, ही बाई आपली का? तिकडून हो आलं का दार उघडतं. आता इंटरनेटची लाइन गेली, तर हा विचारणार कोणाला? म्हणून ह्याला आपण लक्षात ठेवायला शिकवलंय. एकदा लाइन असताना तुम्हाला ओळखलं, का पुढं लाइन नसली तरी आत घेईल." मग सिस्टर विचारायच्या, किती दिवस? आणि तू छाती फुगवून सांगायचास, "तीस."

ओळख जपून ठेवणारी ती सेवा बसवताना आपण पहिल्या केंद्रात किती घाम गाळला होता, आठवतं? सगळं बरोबर लिहिलेलं, तरी सुरूच होईना. अडीच तास. मी तुझ्या टायपिंगला नावं ठेवतेय, तू माझ्या चष्म्याला. शेवटी कळलं की ज्या फाइलीत आपण सगळं लिहिलं होतं ती कुणालाही उघडून वाचता येत होती, आणि तशी असली की ती सेवा उठतच नाही. फाइल मालकापुरती बंद केली आणि लगेच चालू. तू खो खो हसलास. "ताई, ही तर तुमच्यासारखीच आहे. कोणी वहीत डोकावलं का फुगून बसते." मी तुला डस्टर फेकून मारला होता.

आणि तुझी ती आगोट. पावसाआधी लोक मोखाड्याच्या बाजारातून सुकट, बोंबील, मीठ आणून घर भरतात, लाकडं आडोशाला रचतात. तसं तू मे संपता संपता मोटारसायकल काढून चारही केंद्रांना फेरी मारायचास. लाइन चालू आहे तोवर एकेका सिस्टरला, मदतनीस बाईला, स्वयंपाकीणबाईलासुद्धा मशीनसमोर बसवून लॉगिन करायला लावायचास. ज्याला मशीननं लाइन असताना एकदाही पाहिलं नाही त्याला ते पावसात ओळखणार कुठून? मोठ्या साहेबांना ते हास्यास्पद वाटायचं. स्वयंपाकीणबाईला कशाला लॉगिन? तू म्हणायचास, "सिस्टर तापानं पडली तर पोराचं वजन कोण लिहील, साहेब? भात?"

चौथ्या केंद्रावर, डोंगराच्या पार माथ्यावर, मंजुळा सिस्टर. त्यांच्याकडं तुझा मान वेगळा. तू पोचायच्या आधीच चुलीवर गुळाचा चहा, गवती चहाची पात टाकून. मी बरोबर असले तरी पहिला कप तुझा. "देवरामभाऊ, आधी घ्या, मग मशीनशी झोंबा." मला मागून मिळायचा, तोही कोमट. मी ते बोलूनही दाखवलं होतं. तू म्हणालास, "मान मागून मिळत नाही ताई." फार माजला होतास त्या चहावर.

आता भांडण. तीस दिवसांचं.

मला ते कधीच पटलं नाही, आणि खरं सांगू, आजही पटत नाही. एखाद्याला कामावरून काढलं, जव्हारला त्याचं खातं बंद केलं, पण केंद्राची लाइन गेलेली असली तर तो माणूस महिनाभर आत येऊन पोरांच्या नोंदी चाळू शकतो. हे काय राखण झालं? ठाण्याहून तपासायला आलेल्या माणसानंही तेच लिहून दिलं, मुदत कमी करा. मी तो कागद तुझ्या टेबलावर ठेवला. तू वाचलास आणि मला 'मॅडम' म्हणालास. तू 'मॅडम' म्हणालास की मला कळायचं, आज पाणी डोक्यावरून गेलंय.

"मॅडम, ठाण्यात लाइन किती दिवस जाते?"

"तो मुद्दा नाही."

"तोच मुद्दा आहे."

मग तू एकदाच, नऊ वर्षांत एकदाच, तुझ्या धाकट्या बहिणीचं सांगितलंस. तू वावरच्या बाजूचा. कुपोषणानं ती पोरं गेली त्या साली तू सहा-सात वर्षांचा होतास आणि ती दीड वर्षाची. पेपरवाले आले, पुढारी आले, गाड्यांची रांग लागली. "सगळ्यांनी आमची नावं लिहून घेतली. तिचं वजन किती होतं ते घरात आजही कोणाला ठाऊक नाही, ताई. कोणी तोललंच नव्हतं." इतकंच बोललास आणि बाहेर जाऊन उभा राहिलास. मी काय करायला हवं होतं? उठून तुझ्यामागं यायला हवं होतं. मी चिडले. वाटलं, मी नियमाचं बोलतेय आणि हा रडकथा मधे आणतोय. हेही तुला कधी सांगितलं नाही. आज सांगतेय आणि मला माझीच लाज वाटतेय.

त्याच शनिवारी तू मुलीच्या दाखल्यासाठी सुट्टीवर होतास. आगोट होऊन आठवडा झाला असेल. दुपारचं जेवण झालं, ऑफिसात सामसूम. मी जव्हारहूनच एकेका केंद्राच्या सर्व्हरमध्ये शिरले, फाइल उघडली, तिसाच्या जागी तीन केले, सेवा बंद करून पुन्हा चालू केली. चार केंद्रं, वीस मिनिटांचं काम. म्हटलं, सोमवारी सांगीन. होऊ दे काय भांडण व्हायचं ते.

सोमवारी तू पानाच्या द्रोणात करवंदं घेऊन आलास. म्हणालास, "ताई, गुरुवारचं मनावर घेऊ नका, माझं डोकं फिरलं होतं." आता सांग, त्या करवंदांसमोर मी कशी बोलू? मंगळवारवर ढकललं. मग मंगळवारही गेला. शिळं झालेलं सांगणं फार जड होतं रे. आणि रोज लाइन चालू होती, रोज सगळ्या सिस्टर आत येत होत्या, कुणाचं काही अडत नव्हतं. मला वाटू लागलं, मीच बरोबर होते.

जुलैत दरड आली, टेलिफोनचे खांब पडले, वरची लाइन गेली आणि टॉवरही गेला. चौथ्या दिवशी मशीननं मंजुळा सिस्टरना ओळखायचं सोडलं. आपल्याला कळलं सातव्या दिवशी, जीपवाल्यानं चिठ्ठी आणली तेव्हा. 'मशीन आत घेत नाही. कोणालाच नाही.' तू चिठ्ठी दोनदा वाचलीस. "असं होणारच नाही," म्हणालास. तुझा तो विश्वास बघून मी पिशवी उचलली. मी म्हटलं, मीही येते. तुला वाटलं असेल, ताईला काळजी वाटली. मला भीती वाटली होती.

वर पोचलो तर पडवीत सिस्टर उभ्याच होत्या. चूल थंड. त्याआधी एका पोराला ताप चढला होता, त्याला कुठलंसं औषध सोसत नाही एवढं त्यांना आठवत होतं, कुठलं ते आठवेना. ते मशीनमध्ये लिहिलेलं, आणि मशीन बंद दार. त्यांनी कुठलंच औषध दिलं नाही. त्या पोराला पाठीशी बांधून त्याची आई पावसात तीन तास चालत रस्त्याला लागली, मग कुठं तिला गाडी मिळाली. पोर वाचलं. पण ते कळेपर्यंत सिस्टरनी दोन दिवस घास गिळला नव्हता.

तू मशीनशी बसलास. मी दाराला टेकून उभी. दहा मिनिटं झाली असतील, मला दहा वर्षं वाटली. मनात एकच, मी केंद्राच्या मालक-खात्यानं शिरले होते, ते लाइनशिवायही उघडायचं आणि आपण दोघंही वापरायचो, त्यात माझं नाव कुठं दिसणार? मग तू उठलास. सिस्टरसमोर गेलास आणि हात जोडलेस.

"चूक माझी झाली, सिस्टर. आकडा मी चुकीचा टाकला."

सिस्टर तुझ्याकडं बघत राहिल्या. "तुमच्या भरवशावर वही सोडली मी, भाऊ. आता वहीच बरी." आणि आत निघून गेल्या. त्या दिवशी चहा झाला नाही.

आणि मी? मी तिथंच होते. तुझ्यापासून दोन हातांवर. तोंडात मिठाची गुळणी धरून उभी राहिले. मनात म्हटलं, याला खरंच वाटतंय की आकडा यानंच चुकवला. मला सुटल्यासारखं वाटलं, देवराम. हे सगळ्यात वाईट. आधी सुटल्यासारखं वाटलं, लाज मागून आली.

उतरताना घाटाच्या तोंडाशी टपरीवर थांबलो. तू दोन चहा सांगितलेस. पाऊस पत्र्यावर बडवत होता, आणि तू कपात बघत विचारलंस, "ताई, काही बोलायचंय का?"

"नाही रे. पाठ धरलीय."

"बरं," म्हणालास. माझा कपही तूच परत नेऊन ठेवलास.

त्यानंतर नऊ महिने. तू चौथ्या केंद्रावर जात राहिलास, काम करून परत येत राहिलास. सिस्टर तुला 'मशीनवाले' म्हणायला लागल्या. मी ऐकलंय ते. तूही ऐकलंस. आपलं भांडणही थांबलं. मी काही म्हटलं की तू "बरं" म्हणायचास. ऑफिसातले म्हणायचे, शांतता झाली एकदाची. मला ती शांतता खायला उठायची, पण तोंड उघडायचं काही जमलं नाही. एप्रिलात तुझ्या छातीत दुखायला लागलं, नाशिकला न्यायला निघाले, आणि अर्ध्या वाटेवरच तू गेलास. तुझं खातं मी त्याच आठवड्यात बंद केलं. ऑफिसातली पोरं म्हणाली, मॅडम, राहू द्या की थोडे दिवस. मी म्हटलं, नियम आहे. घरी येऊन रडले.

मे संपत आला तशी मला झोप लागेना. आगोट कोण करणार? माझ्याशिवाय होतंच कोण? मोटारसायकल मला येत नाही, जीप मिळेल तशी फिरले. पहिली तीन केंद्रं झाली. सगळीकडं लोक तुझं नाव काढून डोळे पुसत होते. चौथ्याला पोचले तर सिस्टर वजनकाट्यापाशी होत्या. मला "या" म्हणाल्या, मशीनकडं बोट दाखवलं. मशीनवर भरतकामाचा रुमाल होता, त्यावर धूळ.

आत शिरले. फाइल उघडली. तीस होते. तू त्या दिवशीच परत तीस करून ठेवले होतेस. आकड्याच्या वर तुझी ओळ, मशीन वाचत नाही आणि माणसानं वाचायची असते तशी: 'आकडा चुकून बदलला गेला. चूक माझी. देवराम.'  म्हटलं, बघ, बिचारा तसंच समजून गेला.

मग का कोण जाणे, मी तुझ्या जुन्या आज्ञा उघडल्या. आपण टाइप केलेली प्रत्येक ओळ मशीन क्रमानं ठेवतं, नवीन माणसाला तूच शिकवायचास, आधी ते बघा, मग दुसऱ्याला बोला. तुझा तो जुलैचा दिवस तिथं होता. पहिली ओळ, फाइल कधी बदलली ते पाहिलंस. दुसरी, त्या वेळी कुठल्या मशीनवरून कोण आत आलं होतं ते पाहिलंस. तिसरी ओळ, त्या नोंदीत तू एक नाव शोधलंस. शैला. जव्हारच्या माझ्या मशीनला दिलेलं माझंच नाव.

त्यानंतर आकडा दुरुस्त केलास, सेवा चालू केलीस. आणि ती 'चूक माझी' तू त्याच्यानंतर लिहिलीस.

तुला ठाऊक होतं. सिस्टरसमोर हात जोडलेस तेव्हा ठाऊक होतं. टपरीवर चहा सांगितलास तेव्हा ठाऊक होतं. ते "काही बोलायचंय का" तू सहज विचारलं नव्हतंस, तू मला वाट करून दिली होतीस. आणि मी पाठ पुढं केली. अरे, ओरडायचंस ना माझ्यावर! एरवी स्टेपलर जागेवर नसला तरी घर डोक्यावर घ्यायचास. इथंच कसा रे मोठा झालास? नऊ महिने तू वाट बघितलीस की चिडून बसलास, तेही मला कळायचं नाही आता. मला वाचवलंस म्हणून तुझे पाय धरावेसे वाटतात, आणि गप्प राहिलास म्हणून तुझा रागही येतो. दोन्ही एकदम येतं.

मी ती ओळ खोडली. खाली लिहिलं: 'तिसाचे तीन मी केले होते. देवरामला न सांगता. शैला.' आकड्याला हात लावला नाही. तीस तर तीस. आपलं ते भांडण तसंच राहू दे.

मग उठून सिस्टरकडं गेले. त्यांच्या हातात एक पोर होतं, काट्यावरून उचललेलं. मी म्हटलं, "सिस्टर, गेल्या पावसातली चूक देवरामची नव्हती. मी केली होती. त्यानं माझ्यासाठी स्वतःवर घेतली."  इतकं सोपं वाक्य. नऊ महिन्यांत कुठल्याही दिवशी म्हणता आलं असतं.

सिस्टरनी पोराला आईकडं दिलं. वजन वहीत लिहिलं, पेन मिटलं.

"तुम्ही तवा हितंच उभ्या होत्या ना?"

"हो."

"मग तवा का नाय बोललात, मॅडम?" त्यांचा आवाज चढला नाही. "त्या मानसाला मी नऊ म्हयने चहा नाय इचारला."

 त्यांनी मशीनवरचा रुमाल काढून झटकला, समोर बसल्या, आपलं नाव टाकलं, पासवर्ड टाकला. लाइन चालू होती. मशीननं जव्हारला विचारलं आणि त्यांना आत घेतलं. मग स्वयंपाकीणबाई बसली, मग मदतनीस. आगोट झाली, देवराम. तू करायचास तशीच, कुणाला न वगळता.

उद्या सुनंदाकडं जाणार आहे. तुझ्या आईसमोरच सांगणार आहे.

त्या दिवशी खाली उतरायची जीप यायला तासभर होता. मी पडवीत बसून राहिले. आत चुलीवर चहा उकळत होता, गवती चहाचा वास बाहेरपर्यंत येत होता. सिस्टरनी एक कप भरून आणला, मशीनशेजारी ठेवला, आणि वजनाची वही घेऊन आत गेल्या. मला त्यांनी विचारलं नाही.